एका बाजूची धार

जरा पुढे या बघू. तिथं उंबऱ्यावर उभं राहून गप्पा होत नाहीत, आणि माझा डावा कान आता नावालाच उरलाय. बसा. आणि बसल्या बसल्या एक सांगते, रागवायचं नाही. तुमच्या घरातल्या सुऱ्या मला न बघताच ठाऊक आहेत. कांदा चिरून झाला की तशीच ओली मोरीत टाकायची, टोकानं डब्याचं झाकण उचकायचं, त्याच टोकानं मिक्सरचा स्क्रू फिरवायचा, आणि मग धार गेली म्हणून बाजारातून नवी आणायची. आजोबांची घडीची सुरी कपाटाच्या खणात गंजत पडलेली असते, तिच्या सांध्यात दोन थेंब खोबरेल सोडायला घरात कुणाला सवड नसते. असो. आल्या आल्या तुम्हाला बोलणी खायला घातली. जन्म सगळा दुसऱ्यांच्या सुऱ्या निस्तरण्यात गेला, त्यामुळे तोंडाला सवय झालीय.

गावातली पोरं एक अंक छापतात, त्यासाठी काहीतरी लिहा असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. शाळेत मी जेमतेम अक्षरओळख होईपर्यंत गेले. पुढचं वाचन शिकले ते सुऱ्या गुंडाळायच्या रद्दी पेपरांवर. गिऱ्हाईक नसलं की पेपर वाचायचा, गिऱ्हाईक आलं की त्याच पेपरात सुरी गुंडाळून द्यायची, त्यामुळे माझ्या पुष्कळ बातम्या अर्ध्यावर राहिल्या.

मग हो म्हटलं ते एका माणसासाठी. त्याचं नाव इथं संतोष असं लिहिते. त्याचं, त्याच्या वडलांचं आणि बायकोचं, तिन्ही नावं बदललीत, पण ज्याचं त्याला कळेल. तो माझा फोन उचलतो आणि 'काकी, गाडी चालवतंय' म्हणून ठेवतो. कधीही करा, तो गाडीच चालवत असतो. पण हा अंक त्याच्या घरी जातो. त्याची बायको सुनीता मला म्हणाली, "काकी, तुमी लिवाच. अंक ते गाडयेत घेवन जातत, वाटेर खंय थांबले की वाचतत." त्याच्या वडलांचा एक निरोप माझ्याकडे राहून गेलाय. तो त्याला पोचवायचाय. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं, पण आधी माझा धंदा काय होता ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर निरोप कळायचा नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडक्यांच्या ओळीच्या शेवटी आमच्या मामंजींची साण असायची. पायानं फिरवायची, लाकडी चाकाची. ते धार लावायचे आणि मी बाजूला गोणपाट पसरून जुन्या घडीच्या सुऱ्या मांडायची. आमच्या भागात या सुरीला कानिवेत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, ते गेले आणि शब्द इथंच राहिला, जसे पाव राहिले तसा. शर्टाच्या बोल्सात, म्हणजे खिशात मावेल एवढी, पातं मुठीत मिटून जाणारी. पूर्वी बागायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक असायची. पेरू कापायला, सुपारी कातरायला, काथ्या तोडायला, पायातला काटा काढायला. माणूस गेला की त्याचे कपडे दान देत, आणि सुरी मात्र कुठं ठेवावी ते घरच्यांना सुचत नसे. वापरायची तर जीव होत नाही, टाकायची तरी जीव होत नाही. मग ती शुक्रवारी माझ्या गोणपाटावर येई.

मामंजी गेले, मग आमचे हेही गेले, आणि साण मी चालवू लागले. बाईमाणूस साणीवर बसलेलं बघून सुरुवातीला लोक बिचकायचे. एक म्हातारा तर कात्री घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "घोव खंय?" मी म्हटलं, "वर गेलो. तुमी कात्री घेवन वर जातात की माझ्याकडे देतात?" त्यानं दिली. पुढं बाजारात माझं नाव सुरीबाय पडलं. नोटा मोडून मागायच्या असल्या तरी पोरं ओरडायची, सुरीबायकडे जा.

जुनी सुरी पारखायची कशी, हे मला अनेकजण विचारतात. आधी कानानं पारखायची. मिटताना आतली कमान पात्याला ओढून घेते आणि टक् असा एक आवाज होतो. आवाज बसका आला तर कमान थकलीय. मग बोटानं. पात्यावर नखासाठी जी खाच असते तिच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील तर सुरी खरोखर वापरलेली, नाहीतर कुणीतरी आत्ता जुनी करून आणलेली. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांनी. पात्याचं पाणी बघायचं. पाणी म्हणजे ओलावा नव्हे. लोहार पातं लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा त्याच्या अंगी जो कडकपणा येतो त्याला पाणी म्हणतात. पाणी चांगलं असेल तर पातं झिजून काडीएवढं झालं तरी धार धरतं. पाणी गेलं की संपलं, मग ते नुसतं चकचकीत लोखंड.

साफ करताना राख, रॉकेल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर अजिबात नाही. पुण्याचे एक गृहस्थ आहेत, नाकावर भिंग लावून येतात. त्यांच्या घरी म्हणे काचेच्या कपाटात ओळीनं सुऱ्या मांडल्यात. ते सुरी आधी हुंगतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, ह्यांना बरं नाही. म्हटलं, "काय हो, बांगडा आहे का तो?" ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, शिंगाची मूठ खरी की प्लॅस्टिक ते वासानं कळतं." तेव्हापासून मीही हुंगते.

अशी एकेक सुरी घेताना काही सुऱ्या माझ्याच्यानं विकवल्या नाहीत. त्या पत्र्याच्या पेटीत जात राहिल्या. पुण्याचे गृहस्थ त्याला संग्रह म्हणतात. मी त्याला पेटीच म्हणते.

गिऱ्हाइकंही अशी एकेक. डिचोलीकडची एक आजी नातवाच्या सटीसाठी, म्हणजे सहाव्या दिवसाच्या पुजेसाठी, सुरी शोधत आली होती. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवतात ना, त्यासाठी. मी बरीशी नवी पुढे केली तर तिनं बोटानं परत लोटली.

"नवी नको गो. जुनी दी. आणि जिणा कोणाचा वायट नाय केला अशी दी."

"आजी, ता माका कसा कळतला?"

"तू सुरीबाय मगो? इचार तिका."

मी एक पितळी मुठीची निवडली, कानाला लावली, आणि म्हटलं, ही म्हणते की मी फक्त फणस कापलेत. आजी खूश होऊन गेली.

आणखी एक रीत आमच्या धंद्यात पक्की. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. मी जन्मभर पाळली. बाजारात घाई असली तरी गोणपाटावर ठेवून बोटानं दाखवायची, ही तुमची.

आता भिकाजीभाऊंकडे येते.

भिकाजीभाऊ म्हणजे संतोषचे वडील. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तरुणपणी कलमं बांधायला डिचोलीत आले आणि तिथंच राहिले. मानकुराद आंबा आणि काजू, दोन्हीची कलमं त्यांनी या भागात किती परसांत बांधली असतील याचा हिशेब त्यांनाही नव्हता. दर शुक्रवारी नाही, पण हंगामाच्या आधी एकदा ते माझ्याकडे यायचे, शिंगाच्या मुठीची आपली कलमाची सुरी घेऊन. साणीवर ती लावू द्यायचे नाहीत. हातातल्या दगडावरच, पाणी शिंपडून, सावकाश. आणि मी लावत असताना शेजारी उकिडवे बसून माझ्या बोटांकडे बघत राहायचे, जशी काही मी त्यांच्या पोराचे कान टोचतेय.

कलमाच्या सुरीला एकाच बाजूनं धार असते. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. का, ते सांगते. कलम बांधताना चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिचं बूड पाचरीसारखं तासायचं, रोपाचा खुंट मधोमध चिरायचा आणि पाचर त्यात बसवून पट्टीनं आवळायचं. सालीला साल भिडली पाहिजे, मध्ये केसाएवढी फट चालत नाही. सपाट बाजू लाकडावर टेकून सुरी सरकली तर काप काचेसारखा येतो. दोन्ही बाजूंनी धार लावलेली सुरी लाकडात शिरते आणि बाहेर येते, शिरते आणि बाहेर येते. काप लाटेसारखा होतो. वरून दिसत नाही, पण आत पोकळी राहते. तिथं पाणी मुरतं आणि चार दिवसांत काडी काळी पडते.

लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारा संतोषचा टिपर उभा राहिला. सगळ्यांचेच राहिले. रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे, टायरांत गवत वाढलेलं. पूर्वी ज्या पोरांना जेवायला सवड नव्हती ती पोरं ओट्यावर बसून दिवस ढकलू लागली. भिकाजीभाऊंनी घरामागच्या उतारावर आंब्याच्या कोयी लावून ठेवल्या होत्या, त्या रोपांकडे जास्त लक्ष द्यायला लागले. मला एकदा म्हणाले, "खुंट पेन्सिलीएवढे झाले वयनी. ह्या पावसात बांधतलंय. पोराक एक बागायत झाली की मी मोकळो."

त्या वर्षी हंगामाला ते ठरल्याप्रमाणे आले नाहीत. आले ते मागाहून, आणि बाजारात नाही, पार्श्याला माझ्या घरी. म्हापशाला येऊन पुन्हा पार्श्याची बस धरून. हा माणूस कुणाच्या घरी कामाशिवाय जात नसे. मी चहा ठेवला. त्यांनी फडकं सोडून सुरी मेजावर ठेवली.

"वयनी, जरा बघा ही."

मी जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात धरली. दोन्ही बाजूंनी धार. आणि धारेच्या काठानं मोराच्या मानेसारखा निळा पट्टा. मोटरच्या चाकावर दाबून धरलं, आणि पातं तापलं, की असा रंग येतो. पाणी उतरलं होतं.

"कोणी केल्यान ह्या?"

"संतोषान."

"त्याका कोणी सांगितल्यान?"

"कोणीच नाय. घराकडे बसान आसा. कोणाच्या तरी वर्कशॉपात गेलो आणि लावन हाडल्यान. माका सकाळी दिल्यान, फडक्यात गुंडाळून. म्हणता, बाबा, आता केस कापता बघा."

"मगे तुमी काय म्हटलात?"

"काय म्हणतलंय? हाताचो एक केस कापून दाखयलंय."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी सांगितलं की पहिल्या कापालाच त्यांना कळलं. काडी हातात फिरली. पण संतोष समोर बसला होता, बघत. म्हणून त्यांनी तशीच बांधली. एक, दोन नाही, त्या दिवशी जेवढी काढली होती तेवढी सगळी. चार दिवसांनी सगळ्या काड्या काळ्या. पोरगा विचारायला लागला, बाबा, असं का झालं?

"मगे?"

"हात म्हातारो झालो म्हणान सांगितलंय."

मी चिडले. म्हटलं, खरं का नाही सांगत? पोरगा परका आहे का? आज सांगाल, उद्या विसरेल. त्यांनी कप खाली ठेवला आणि जनेलाबाहेर बघत बोलले. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यानंतर मी ते पुष्कळदा मनात म्हटलेत.

"वयनी, तेची खाण गेली, गाडी गेली. सकाळी उठता आणि करूक काय नाय म्हणान परत निजता. इतक्या दिवसांत तेणा आपणहून एक काम केल्यान, ता ह्या. माझ्यासाठी केल्यान. ता वायट झाला म्हणान मी सांगू तेका? तेका कळूक नको. तुमीव सांगू नकात."

मी मान डोलावली. वचन म्हणतात ते एवढंच.

सुरी मी ठेवून घेतली आणि तिच्यामागे लागले. दुसऱ्या बाजूची धार दगडावर घासून सपाट केली. पण पाणी गेलेल्या पात्याची धार उन्हातल्या मेणासारखी लवते. लावावी आणि नखावर टेकवावी तर वळलेली. गावातल्या लोहाराला दाखवली. तो म्हणाला, पुन्हा पाणी देता येईल, पण पातं इतकं झिजलंय की भट्टीत तडकेल, आणि शिंगाची मूठ आधी खिळे तोडून काढावी लागेल. खिळे नवे दिसले की संतोष विचारणार, कुणी उघडली? तो मार्ग संपला.

तेव्हा मी पेटी उघडली. तिच्यात एक पोर्तुगीज अमदानीतली कलमाची कानिवेत होती. एका जुन्या बागायतदाराच्या घरातून आलेली, मुठीला पितळेची कड असलेली. एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला साल सोडवायची हाडाची जीभ. एका बाजूची धार, पाणी असं की नखावर टेकवली तर रुतून बसते. पुण्याच्या गृहस्थांनी ती माझ्याकडे किती वेळा मागितली असेल. मी ती भिकाजीभाऊंपुढे ठेवली.

"हंगाम संपेपर्यंत वापरा."

त्यांनी उचलली, उघडली, मिटली. टक् ऐकलं. पुन्हा उघडली. आणि म्हणाले, "माझ्या सुरयेक काय सांगू?"

म्हणजे बघा. इतकी वर्षं एकाच सुरीबरोबर काढलेला माणूस.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते ऐकून मला आधी हसू येई, आता येत नाही. माझी कानिवेत ते उताराच्या चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, दोन चिऱ्यांच्या फटीत ठेवायचे. संतोष उन्हं वर आल्यावर उठायचा. त्याच्या आधी हे उतारावर जाऊन बांधून यायचे, आणि पोराला सांगायचे की ओळखीचा एक बांधणारा येऊन बांधून गेला. आणि मग दुपारी ओट्यावर पोरासमोर बसून त्या बिघडलेल्या सुरीनं सुपारी कातरायचे, आणि म्हणायचे, "चलता मरे मस्त. बघ." पोराचा चेहरा खुलायचा. हे सगळं ते मला बाजारात येऊन सांगायचे, आणि सांगताना हा म्हातारा इतका लबाड दिसायचा की मी म्हणायची, भाऊ, तुम्ही नाटकात का नाही गेलात? पेडण्याच्या जत्रेत मुख्य भूमिका मिळाली असती. ते म्हणायचे, "बायलेची भूमिका असली तर सांगा."

हंगाम संपला तसे ते सुरी परत द्यायला आले. शुक्रवारची गर्दी, मडकीवाल्या बाईचा कुणाशी तरी वाद चाललेला. त्यांनी बोल्सातून सुरी काढली आणि थेट माझ्या हातात द्यायला लागले. मी हात मागे घेतला.

"भाऊ, खाली ठेवा."

"घेवा मगो," ते म्हणाले. "आता आमका भांडूक वेळ खंय आसा?"

मी घेतली. जन्मात तेवढी एकच सुरी मी कुणाच्या हातून हातात घेतली असेल. तिच्या पितळेवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग पडले होते. मी फडकं उचललं तर म्हणाले, "पुसू नकात." मग माझ्या कानाशी वाकून, जणू बाजाराला ऐकू जाईल अशा भीतीनं, हळूच बोलले.

"वयनी, धरली कलमा. हात आसा तसोच आसा."

इतकंच. आणि मासळीकडे निघून गेले.

पुढच्या थंडीत त्यांना ताप आला आणि तो उतरला नाही. मी गेले होते. बोलण्याची स्थिती नव्हती. मला बघून त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, आपण पात्याची धार बघतो तसं. घरच्यांना वाटलं, वातात काहीतरी करतायत. संतोष पायापाशी बसला होता. तो म्हणाला, "काकी, बाबा म्हणायचे हात गेलो. तेका ता लय लागला." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा सांगायचं होतं, पण ज्यांना वचन दिलं ते समोर श्वास मोजत पडलेले.

ते गेल्यावर संतोषनं मनावर घेतलं. उतारावर बरेच खुंट रिकामे होते, म्हणजे त्या पहिल्या दिवशीची काळी पडलेली कलमं. वडलांचं काम पुरं करायचं म्हणून वडलांची सुरी घेऊन पोरगा बांधायला बसला. एकही धरलं नाही. मग तो कुठल्याशा नर्सरीत शिकायला गेला, सुरी सोबत घेऊन. तिथल्या बांधणाऱ्यानं सुरी बघितली आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाला, ही कुठल्या गाढवानं जाळली? हे मला सुनीतानं सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. एकच वाक्य बोलला, "बाबाचो हात गेलो नव्हतो. मी घालयलंय."

त्यानंतर तो माझ्याकडे आला. मोटारसायकल दारात उभी केली, आत आला नाही. ओट्यावर सुरी ठेवली.

"काकी, ही तुझ्या पेटयेत ठेव. माका नको."

"बस जरा. चाय घे."

"नको."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ठरवलं की आता वचन गेलं खड्ड्यात. "थांब," म्हटलं, "तुका एक वस्तू दाखवतंय," आणि आत गेले. पेटी खाटेखाली. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक नाहीत. खाली बसायचं म्हणजे आधी खाट धरायची, मग जमीन. कुलूप गंजलेलं. चिकाचे डाग असलेली ती कानिवेत हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा रस्त्यावर नुसता धूर होता.

तेव्हापासून तो लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर आहे. चतुर्थीला येतो, गणपती पोचवतो आणि जातो. घरामागे उतारावर पाय ठेवत नाही. सुनीता सांगते, जनेल उघडलं की झाडं दिसतात म्हणून तो त्या खोलीत बसतही नाही.

मी साण बंद केली. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, दुसऱ्यात अजून पडदा आहे. पुण्याचे गृहस्थ म्हणतात, बाई, पेटी मला द्या, नीट राहील. देणार आहे. माझ्यामागे त्या सुऱ्या खणाखणांत गंजण्यापेक्षा काचेत गेलेल्या बऱ्या. त्यांना सांगितलंय, दोन सोडून सगळ्या घ्या. त्यांनी विचारलं, त्या दोघींत काय विशेष? एक जळलेली आहे आणि एक न पुसलेली. त्यांनी जळलेली हुंगली आणि मान हलवली. त्यांच्या नाकाला काही लागलं नाही.

मी पुष्कळ विचार केला, वचन दिलेल्या माणसाच्या मागं हे लिहावं का. भाऊ म्हणाले होते, तेका कळूक नको. पण ते तर त्याला कळलंच आहे, मी न सांगता. आणि अर्धंच कळलंय. अर्धं कळलेलं माणसाला रात्रंदिवस खातं. म्हणून उरलेलं सांगते आहे.

संतोष, ऐक. तुझ्या बाबांना पहिल्याच कापाला कळलं होतं. त्यांना हात गेल्याचं दुःख कधी झालं नाही, कारण त्यांचा हात गेलाच नव्हता. ते खोटं बोलत होते तुझ्याशी, आणि ते खोटं बोलताना त्यांच्याइतका खूश माणूस मी बाजारात बघितला नाही. उतारावर जी झाडं धरली आहेत ती त्याच म्हाताऱ्या हातानं बांधलीत, तू झोपला होतास तेव्हा. त्यांनी मला कानात सांगितलं होतं, हात आसा तसोच आसा. मी ते तुला त्या खोलीत, त्यांच्या पायापाशी सांगायला हवं होतं. तुझ्या डोळ्यांदेखत त्यांनी बोटांवर धार बघितली, ती वातात नव्हे रे. मला विचारत होते, सुरी नीट आहे ना.

सुनीता म्हणते, यंदा वरच्या बाजूची दोन झाडं मोहरली. आणि जे खुंट रिकामे राहिले होते ते मेले नाहीत. खालून फुटलेत. पण ती फूट रायवळाची, कोयीतल्या साध्या आंब्याची. अजून हातात मावते तोवर कलम बांधता येईल. आणखी दोन पावसाळे गेले की बुंधे जाड होतील, मग नुसती सावली देतील.

धार एका बाजूनं कशी लावायची ते मला अजून येतं. दगड पुढ्यात घेतला की हात आपोआप तिरका होतो. फक्त मला ती दिसत नाही. तुला दिसेल. म्हापशाला आलास की पार्श्याची बस धर, किंवा गाडी आण, आमच्या आळीत ट्रेलर वळत नाही तेवढं लक्षात ठेव. फोनवर नको बोलूस, मला ऐकूही कमी येतं. दुपारी ये, उजेड चांगला असतो. लवकर ये.